कालवड घरची की बाजारची?

(तरुणांच्या एका निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



या शिबिरात मी ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संधी’ या विषयावर बोलावं असं ठरलं होतं. मी संयोजकांना विचारलं, "त्याऐवजी गाईंवर बोललो तर चालेल का?" फोनवर थोडा वेळ कुणीच बोलेना. मग ते म्हणाले, "म्हणजे कायद्यावर?" म्हटलं, कायद्यावर नाही हो, गाईंवर. दूध देणाऱ्या. आमच्या गोठ्यात बारा आहेत.

ही शांतता माझ्या ओळखीची आहे. पुण्यातल्या ऑफिसात घरचा धंदा सांगतो तेव्हाही ती पसरते. मुसलमान आणि गाय हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचं वाक्य आपोआप तयार होतं, आणि ते दुधाचं नसतं. आपल्यातल्याही बऱ्याच पोरांना ठाऊक नसतं की सातारा, सांगली, सोलापूर, नगर या पट्ट्यात पहाटे चारला उठून धारा काढणारी मुसलमान घरं आहेत. आमचं त्यातलंच एक, फलटण तालुक्यातलं. आजोबांच्या म्हशी होत्या, अब्बांनी संकरित गाई केल्या. मी इंजिनीअर झालो तो त्या दुधाच्या पगारावर. दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार व्हायचा, मग माझ्या मेसचे पैसे यायचे.

आज मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. दावणीतली गाय म्हातारी झाली, आटली, मेली, तर तिच्या जागी कोण येणार? घरी जन्मलेली कालवड वाढवायची, की बाजारातून दुधाची गाय आणायची? गोठ्याचं बरंवाईट मला वाटतं निम्मं याच ठिकाणी ठरतं. दुधाचा दर आपल्या हातात नाही. २०२३च्या शेवटी दर इतके घसरले की सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. पेंडीचा भावही आपल्या हातात नाही. पण दावणीत नवीन जनावर कुठून येणार, हे आपण ठरवतो. आणि तरी बहुतेक घरांत ते ठरवलं जात नाही. गाय मेली की घाईघाईनं बाजार गाठला जातो, नाहीतर कालवड आहेच म्हणून ती वाढत राहते.

आमच्याकडेही तसंच चालायचं. २०१८ साली अब्बांना आठाच्या बारा गाई करायच्या होत्या. मी नोकरीला लागलो होतो, थोडे पैसे मी घातले. नगरकडच्या बाजारातून चार गाभण गाई आणल्या, दुसऱ्या वेताच्या. तुमच्यापैकी कुणी लोणीचा किंवा काष्टीचा बाजार पाहिला असेल तर तिथली गंमत तुम्हाला माहीत आहे. हेडी रुमालाखाली बोटं धरतो, चहा पाजतो आणि "भाई, घरची गाय आहे, बायको रडत होती सोडताना" असं सांगतो. विक्रीच्या आदल्या दिवशी धार न काढता कास तट्ट फुगवून आणायची, शिंगं घासून वय कमी करायचं, हे अब्बांना सगळं माहीत आहे. दुभती गाय असेल तर ते लागोपाठ तीन वेळा धार काढून बघितल्याशिवाय इसार देत नाहीत. पण गाभण गाईची धार कुठून काढणार? आणि रक्तात काय आहे हे तर धार काढूनही कळत नाही.

चारातली एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना. अम्मीनं ती हातानं काढली, साध्या हातानं, गेली तीस वर्षं काढत आली तशी. पुढं काही आठवड्यांनी तिला ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सकाळी उतरायचा. कंबर, गुडघे धरले. टायफॉइड म्हणून दोन महिने औषधं झाली. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का?" ब्रुसेलोसिस. त्याला आपल्याकडे सांसर्गिक गर्भपात म्हणतात. जनावरापासून माणसाला होतो, वारेतून, स्रावातून, कच्च्या दुधातून. सहा आठवडे दोन अँटिबायोटिक घेतली तेव्हा ताप गेला. गुडघे अजून कुरकुरतात.

मग गोठ्यातल्या सगळ्या गाईंचं रक्त तपासलं. गाभडलेली धरून तीन निघाल्या, त्यातली एक आमच्या घरची, म्हणजे लागण इथं झाली होती. आता या तीन गाईंचं काय? दूध देत होत्या, दिसायला धडधाकट. गावातल्या दोघांनी सुचवलं, लांबच्या बाजारात नेऊन टाका, कोण रक्त तपासतंय. अब्बा एवढंच म्हणाले, "ऐब सांगून विकता आली तर विकू." ऐब सांगितल्यावर कोण घेणार? वेगळ्या बांधल्या, खायला घातलं, नुकसान सोसलं. तेव्हा मला अब्बांचा राग आला होता, हेही सांगतो. माझे पैसे होते त्यात.

त्यानंतर घरात एकच गोष्ट पक्की झाली: बाजारातून काही आणायचं नाही. सगळं घरीच वाढवायचं. आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये मी लॅपटॉप घेऊन घरी आलो तेव्हा हा निर्णय बरोबर कसा आहे हे दाखवायला एक्सेल उघडलं. माझं काम तेच आहे, आकडे मांडायचे. दुकानदाराची बिलं गोळा केली. जन्मल्यापासून पहिल्या वेतापर्यंत एका कालवडीला भरडा, गोळी पेंड, सरकी मिळून ३२,५०० रुपये. डॉक्टर, लसी, भरवणं ३,५००. एकूण ३६,०००. बाजारात तशी पहिलारू गाय ८५ हजारांना. मी ते अभिमानानं सगळ्यांना दाखवलं. निम्म्याहून कमी खर्च!

आपा म्हणजे माझी मोठी बहीण. बी.कॉम. आहे आणि आता गोठा तीच बघते. ती मागून वाचत होती. म्हणाली, "वासरानं प्यायलेलं दूध कुठाय?" अडीच-तीन महिने रोज तीन लिटर, म्हणजे २४० लिटर. डेअरीला गेलं असतं तर ३० रुपयांनी ७,२०० झाले असते. बिल आलं नाही म्हणून माझ्या शीटमध्ये नव्हतं. मग चारा. आमच्याच रानातला, म्हणून शून्य. पण तोच मका शेजारी विकत नेतात. रोज सरासरी १२ किलो हिरवा, अडीच रुपयांनी, ७२० दिवस, झाले २१,६००. कडबा रोज दोन किलो, चार रुपयांनी, ५,७६०. बेरीज ७०,५६०वर गेली.

अम्मी भाकरी थापत ऐकत होती. तिनं विचारलं, "इसमें मेरा नाम किदर है?"

तिचं नाव नव्हतं. वासरांना दूध पाजणं, शेण काढणं, पाणी, वैरण, हे सगळं करणारी ती. रोजचे दोन तास धरले तर वर्षाचे ७३० तास. गावात बाईला दिवसाची मजुरी तेव्हा ३०० रुपयांच्या आसपास, म्हणजे तासाला ४०. वर्षाला २९,२००. वर्षाला तीन कालवडी तयार होतात, म्हणजे एकीमागे ९,७०० रुपये. झाले ८० हजार. वर मेलेल्या वासरांवर झालेला खर्चही जगलेल्यांवरच चढतो. सातात एक वासरू मरतं, बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणजे ८२ हजार धरा.

३६ हजारांचे ८२ हजार झाले, आणि मी बाजारभावात एक रुपयाही बदलला नव्हता. फक्त जिथं शून्य लिहिलं होतं तिथं आकडा लिहिला. ते शून्य बहुतेक बाईमाणसाच्या कामाचं असतं. गावात कुणी "घरचं जनावर फुकटात वाढतं" म्हणालं की मी आता विचारतो, कुणाच्या फुकटात?

आता इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती गोठ्यात जशीच्या तशी लागू पडली. १९६१ साली जॉन लिटल यांनी रांगांबद्दलचा एक साधा नियम सिद्ध केला. रांगेत सरासरी किती जण उभे असतील? दर तासाला जितके येतात, गुणिले प्रत्येक जण जितके तास थांबतो. आम्ही तो सर्व्हरसाठी वापरतो. तुम्ही तो दवाखान्यात बसून करून बघा. आमच्या दावणीत गाय सरासरी चार वर्षं टिकते. बारा गाई, चार वर्षं, म्हणजे वर्षाला तीन नव्या लागतात. या तीन कालवडी जर २८ महिन्यांत विणार असतील तर घरात कायम सात लहान जनावरं उभी राहणार. तीन गुणिले २८ भागिले १२. आणि जर ३६ महिने लागत असतील तर नऊ. गाई तेवढ्याच, दूध तेवढंच, पण दोन तोंडं जास्त. आणि ती कायमची.

म्हणजे प्रश्न ‘घरची की बाजारची’ असा नव्हताच. प्रश्न होता, आमची कालवड किती महिन्यांत विते? मी आपाला विचारलं. वह्या काढल्या. सरासरी ३६ महिने.

का? वजन. संकरित होल्स्टिन कालवड साधारण २७० किलोची झाल्यावर भरवावी असं आम्हाला पशुवैद्यकांनी सांगितलं. जन्मते तेव्हा २८ किलोची असते. रोज ४४० ग्रॅमनं वाढली तर १८ महिन्यांत २७० गाठते, मग नऊ महिने दहा दिवस पोटात, की झाले २८ महिने. रोज ३०० ग्रॅमनंच वाढली तर त्याच वजनाला साडेसव्वीस महिने लागतात, आणि वितेपर्यंत ३६ होतात. मूठभर धान्याइतका फरक आहे हो, १४० ग्रॅमचा. पण मोठी झालेली कालवड दिवसाला शंभरेक रुपयांचं खाते, महिन्याला तीन हजार. आठ महिन्यांचे जवळजवळ २५ हजार. ८२चे १ लाख ७ हजार.

बाजारच्या गाईचे ८५ हजार, गाडीभाडं ५, दलाली २. बेरीज ९२ हजार. म्हणजे २८ महिन्यांत विणारी घरची कालवड बाजारापेक्षा दहा हजारांनी स्वस्त, आणि ३६ महिन्यांत विणारी पंधरा हजारांनी महाग. आम्ही अभिमानानं जी वाढवत होतो ती महागातली होती.

तिथून पुढचं काम आपानं केलं, मी नाही. तिनं शिंप्याचा टेप घेतला. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ६६०नं भागायचं, किलोत अंदाजे वजन येतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सात कालवडी, सात आकडे. कुठल्या वयात वाढ अडते ते तीन महिन्यांतच दिसलं. दूध तोडल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. आम्ही दूध बंद करायचो आणि मोठ्या गाईंची उरलेली वैरण पुढं टाकायचो. उष्टं खाऊन वासरू काय वाढणार? आता दूध तोडण्याआधीच भरडा खायची सवय लावतात, आणि वासरांची गव्हाण वेगळी आहे.

आणि चीक. वासरू जन्मल्यापासून दोन तासांच्या आत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे, अडीच-तीन लिटर. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं वासराच्या रक्तात जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि आतड्यातून ती शोषली जाण्याची वेळ तासातासानं सरत असते. आमच्याकडे पहिल्या दिवसाचा चीक खरवसासाठी अर्ध्या गल्लीत वाटला जायचा. मला खरवस फार आवडतो, वेलदोडा आणि गूळ घातलेला. आता दुसऱ्या दिवसानंतरच्या चिकाचा होतो. तितका घट्ट होत नाही. शेजारच्या काकूंनी तोंडावर बोलून दाखवलं.

सगळंच मोजून सुटत नाही, बरं का. एक कालवड दोन वर्षं सांभाळली, वजन उत्तम, पण माजावरच येईना. डॉक्टरांनी विचारलं, जुळ्यातली का? हो, पाठीवर गोऱ्हा होता. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड दहात नऊ वेळा तरी वांझ निघते, कारण पोटात दोघांचं रक्त मिसळतं. अब्बांना हे माहीत होतं! त्यांना वाटलं, मला इंजिनीअरला माहीत असेल.

आता दुसरी बाजू. घरी वाढवण्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते त्या दहा हजारांत नाही. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा देतात. २०१९पासून केंद्राच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यामार्फत मिळते, कानात बारा अंकी बिल्ला असतो, त्यावर नोंद होते. घरच्या कालवडीला ती दिलेली असल्याचं आम्हाला माहीत असतं. बाजारच्या गाईबद्दल कोण शपथ घेणार? अम्मीच्या तापाचा आकडा मी कुठल्याच रकान्यात नीट बसवू शकलो नाही. दवाखान्याचं बिल लिहिलं, पण दोन महिने तिला कुणीतरी वेडीवाकडी औषधं देत होतं, ते कुठं लिहायचं? आता हातमोज्याचं खोकं गोठ्याच्या दारातच टांगलेलं आहे आणि वार पुरली जाते.

दुसरा एक रकाना आहे, तो मला लिहायचा नव्हता. रस्ता.

एप्रिल २०१७मध्ये हरियाणातल्या नूहचे पहलू खान जयपूरच्या बाजारातून दुधासाठी गाई घेऊन निघाले होते. पावत्या जवळ होत्या. अलवरमध्ये जमावानं त्यांना मारलं, दोन दिवसांनी ते गेले. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिथल्या न्यायालयानं सहा आरोपींना निर्दोष सोडलं. तुम्ही हे नाव मोर्चात ऐकलं असेल. मी ते एका गोठेवाल्याचा मुलगा म्हणून ऐकलं. त्या माणसाचा त्या दिवशीचा निर्णय तोच होता जो मी एक्सेलमध्ये मांडत होतो: वाढवायची की विकत आणायची. त्यांनी विकत आणायचं ठरवलं होतं.

आमच्या बाबतीत तसं काही झालं नाही, अल्हम्दुलिल्लाह. २०२३मध्ये दोन गाई आणताना रात्री साडेदहाला हायवेवर गाडी अडवली. बाजार समितीची पावती, पशुवैद्यकाचा दाखला, बिल्ल्यांचे क्रमांक, सगळं होतं. अब्बांबरोबर आमचे शेजारी होते, जुने मराठा स्नेही, तेच बोलले. तरी तीन तास चौकीसमोर गाडी उभी. संध्याकाळची धार निघाली नव्हती. घरी पोचेपर्यंत एकीची कास दगडासारखी. काससुजी झाली, एक सड कायमचा गेला. त्या वेळी अडवणाऱ्यांपैकी एक जण अब्बांना म्हणाला, "चाचा, तुम्ही गाय पाळता कशाला?" चाळीस वर्षं गाई पाळलेल्या माणसाला.

आता आम्ही रात्री जनावर आणत नाही, आणि अब्बा एकटे बाजारात जात नाहीत. शेजारी येतात, एक पैसा घेत नाहीत. त्यांचं प्रेम आहे, मला त्याची किंमत आहे. पण स्वतःच्या पैशानं गाय आणायला सोबत लागते, हे मला बोचतं. ते मी लपवत नाही.

बाजारावर पूर्ण अवलंबून राहण्याची दुसरी जोखीम सगळ्यांनाच आहे, धर्म कुठलाही असो. २०२२मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. ज्यांना त्या महिन्यांत गाय हवी होती त्यांचा खुंटा रिकामा राहिला. २०२५च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी रस्त्यावरच्या त्रासाला कंटाळून राज्यात खरेदी थांबवली, बरेच बाजार ओस पडले. तेव्हा शेतकऱ्यांच्याच तोंडून ऐकू आलं की जुनं जनावर विकलं गेलं नाही तर नवीन घ्यायला पैसे येणार कुठून. १९७६च्या कायद्यानं राज्यात गाईची कत्तल बंद होती, २०१५च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले, म्हैस नाही. त्यामुळे म्हैस भाकड झाली तरी तिला काही किंमत येते. गाईला जवळजवळ येत नाही. भाकड गाईला रोज साठ रुपयांचं खायला घातलं तरी वर्षाचे २१,९०० होतात. हे पैसे नव्या कालवडीच्या वैरणीतून जातात. हा हिशोब मांडताना मी कुणाच्या श्रद्धेविरुद्ध बोलत नाही. आमच्याच गोठ्यात दोन भाकड गाई आहेत आणि त्यातली एक अम्मीची लाडकी आहे, ती तिला विकू देणार नाही.

याच कारणानं आम्ही चांगल्या चार गाईंना लिंगनिर्धारित वीर्य वापरतो. दहात नऊ कालवडी होतात. गर्भ राहण्याचं प्रमाण साध्यापेक्षा कमी आहे, कांडी महाग आहे, पण गोऱ्ह्यांचा प्रश्न सुटतो. नाहीतर बारा गाईंची वर्षाला दहा वेतं, पाच कालवडी, एखादी मरते, एखादी वांझ. उरतात तीन-चार, आणि लागतात तीन. निवडायला वावच राहत नाही. निवड करता येत नसेल तर घरी वाढवण्याचा अर्धा अर्थ गेला, कारण मग कमी दुधाच्या आईची कालवडही ठेवावी लागते.

तुमच्यातल्या मुंबई-मुंब्य्राच्या मित्रांना तबेले माहीत असतील. ती या प्रश्नाची पार दुसरी टोकाची पद्धत. शहरात जागा आणि वैरण इतकी महाग की पारडं वाढवणं परवडतच नाही. व्यालेली म्हैस बाहेरून आणायची, आटली की काढायची, नवीन आणायची. १९४९मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकारानं आरे वसाहत झाली तेव्हा म्हशी शहराबाहेर गेल्या, पण विकत आणण्याची पद्धत राहिली. तबेलेवाल्याला मी नावं ठेवणार नाही. त्याच्या जागी त्याचा हिशोब बरोबर आहे. म्हणूनच माझ्याकडे सगळ्यांसाठी एक उत्तर नाही.

ज्याच्याकडे दोन-तीन गाई आहेत, रान नाही, वैरण विकतची, त्यानं कालवड वाढवू नये असं मी स्पष्ट सांगतो. अडीच वर्षं पैसे अडकतात आणि त्यातली एक मेली तर सगळं संपलं. त्यानं ओळखीच्या गोठ्यातून, आईचं दूध डोळ्यांनी बघून, रक्त तपासून घ्यावी, आणि आणल्यावर तीन आठवडे तरी वेगळी बांधावी. आम्ही २०१८मध्ये चारही गाई आणल्या त्याच संध्याकाळी दावणीत बांधल्या होत्या. वेगळ्या बांधल्या असत्या आणि रक्त तपासलं असतं तर त्याचे जास्तीत जास्त दोन-तीन हजार गेले असते.

आणि रिल्स बघून नोकरी सोडून गोठा टाकायला निघालेल्यांना: पहिल्याच दिवशी वीस गाई कर्ज काढून आणू नका. सगळ्या एकदम आणल्या की सगळ्या एकदम आटतात, आणि चार वर्षांनी सगळ्या एकदम बदलायला येतात. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

मधला एक रस्ता आमच्या भागात जुनाच आहे, अर्धलीनं देण्याचा. वासरू एकाचं, सांभाळणार दुसरा, विकताना किंवा विताना किंमत करून निम्मी-निम्मी. आम्ही दोन कालवडी अशा दिल्या आहेत, वस्तीवरच्या दोन बायकांना, ज्यांना स्वतःची जमीन नाही पण बांधावरचं गवत आणता येतं. जुन्या पद्धतीत त्यांना अडीच वर्षं हातात काहीच मिळायचं नाही. आपानं ते बदललं: टेपनं मोजायचं आणि दर तीन महिन्यांनी वाढलेल्या वजनावर थोडी उचल द्यायची. शेवटी हिशोबात वळती करायची. अब्बांना वाटलं, बुडणार. अजून तरी बुडालेलं नाही. एक कालवड २९व्या महिन्यात व्याली, आमच्या घरच्यांपेक्षा फार मागे नाही. दुसरी मागे आहे, आणि ती घेतलेल्या काकूंचं म्हणणं आहे की टेप चुकीचा आहे.

अम्मी आता वासरांकडे सकाळीच जाते, संध्याकाळी नाही. संध्याकाळचं काम पगारावर एक मुलगा करतो. तिच्या नावानं दर महिन्याला बँकेत पैसे जातात, कालवडीच्या खर्चातून. सुरुवातीला तिनं विचारलं होतं, "घर का काम का पैसा?" आता एक तारखेला जमा झाले नाहीत तर मला पुण्याला फोन येतो.

सध्या आमच्याकडे सात लहान आहेत. सरासरी ३० महिन्यांवर आली आहे, २८ झालेली नाही. गेल्या उन्हाळ्यात मुरघास कमी पडला आणि दोन महिने वाढ खुंटली, ते आकड्यांत स्पष्ट दिसतं. तीन नंबरची कालवड या महिन्यात भरवायची होती. आपा म्हणते, अजून अकरा किलो कमी आहे, थांबा. अब्बा म्हणतात, दिसते तर चांगली. काल रात्री त्यावरूनच फोन चालला होता, मला मध्ये घेऊन.

इथं वजनकाट्याबद्दल किंवा लसीबद्दल कुणाला विचारायचं असेल तर विचारा. सॉफ्टवेअरमधल्या संधींबद्दलही विचारा, जेवणानंतर.